चौथी ट्यूब

मी एका विमा कंपनीत दावे तपासतो. तपासतो म्हणजे नाकारतो, पण टेबलावरच्या पाटीवर तसं लिहिता येत नाही. तेवीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून मला एकच विद्या आली आहे. खरं बोलणारा माणूस एक कारण देतो, खोटं बोलणारा तीन. 'गाडी खांबावर आदळली' एवढंच ज्याने लिहिलं, त्याची गाडी खरोखर खांबावर आदळलेली असते. 'गाडी खांबावर आदळली, शिवाय रस्ता ओला होता, आणि त्यातच कुत्रं आडवं आलं' असं ज्याने लिहिलं, त्या दिवशी गाडी त्याचा मेहुणा चालवत असतो. हा नियम मी ऑफिसातल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवतो. बायकोला तर तो इतक्या वेळा सांगितला आहे, की मी 'खरं बोलणारा' म्हटलं की उरलेलं वाक्य ती भाजी निवडता निवडता पूर्ण करते.

आयुष्यातलं माझं स्वतःचं सगळ्यात मोठं खोटं मात्र मी एकाच कारणावर सव्वीस वर्षं चालवलं. त्याचं श्रेय मी अजून कोणाला दिलेलं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघं मित्र पहिल्यांदा नदीवर गेलो. ट्रकच्या टायरमधली ट्यूब फुगवायची, तिच्या भोकात बूड टेकवायचं, हातपाय बाहेर सोडायचे आणि पाणी नेईल तिकडे तीन तास जायचं, असा तो कार्यक्रम. त्याला कौशल्य लागत नाही, असं सगळे म्हणाले. पोहता येत असलं की झालं. मला पोहता येत नव्हतं. हे सांगायला लागणारं धैर्य, पाण्यात उडी मारायला लागणाऱ्या धैर्यापेक्षा थोडं जास्तच होतं, म्हणून मी म्हणालो, "माझ्या कानाच्या पडद्याला भोक आहे. डॉक्टरांनी पाणी बंद केलंय." तिघांनी माना डोलावल्या आणि आपापले कपडे माझ्या हातात दिले.

नदीची एक अडचण अशी, की ती परत येत नाही. वरच्या घाटाशी पाण्यात उतरलेला माणूस सात किलोमीटर खाली, जुन्या पुलापाशी बाहेर येतो, ओल्या चड्डीत आणि अनवाणी. त्या वेळी तिथे गाडी उभी असावी लागते. म्हणजे गाडी घेऊन रस्त्याने खाली जाणारा एक माणूस लागतो. भोक पडलेल्या कानाने गाडी उत्तम चालवता येते. तेव्हापासून दरवर्षी तिघं पाण्यात आणि मी पुलावर, अशी वाटणी ठरून गेली आणि माझं नाव पडलं 'किल्ली'. सव्वीस वर्षांत एकानेही मला विचारलं नाही, की कोणता कान. मी उत्तर तयार ठेवलं होतं. डावा.

त्या तिघांची ओळख करून देतो. पहिला वकील. गाडी त्याची. मोठी, जुनी, आणि तिचा तिसरा गिअर फक्त मनधरणी केल्यावर पडतो. दुसरा एका शाळेचा हेडमास्तर. तो कुठल्याही गोष्टीचं सूचनापत्रक काढतो, त्यावर तारीख घालतो आणि खाली सही करतो. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेखालीही सही होती, असं वकील सांगतो. तिसरा दातांचा डॉक्टर, आमच्यात 'दातवाला'. वसतिगृहात दोन वर्षं माझा खोलीतला सोबती. माझे वडील गेले तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरी झोपायला येणारा. बाकी दोघं मित्र होते. दातवाला माझा माणूस होता.

मला नदीत जायचं होतं ते नदीसाठी नव्हे. आमच्या चौघांत हसण्यासारखं जे काही आहे, ते सगळं त्या तीन तासांत जन्माला येतं आणि पुलापर्यंत पोहोचेतो जुनं झालेलं असतं. अकरा वर्षांपूर्वी नदीत गायीचं काहीतरी झालं. काय झालं ते मला अजून माहीत नाही. पण तेव्हापासून कोणी नुसतं 'गाय' म्हटलं की तिघं पोट धरून बसतात. मी विचारलं होतं. वकील डोळे पुसत म्हणाला, "तू नव्हतास रे, सांगून नाही कळायचं." अकरा वर्षं मी त्या गायीवर त्यांच्यासोबत हसतो आहे. न पाहिलेल्या जनावरावर माणूस किती हसू शकतो, याला मर्यादा असते.

म्हणून यंदा, शेहेचाळिसाव्या वर्षी, मी पोहायला शिकलो.

शहराच्या तलावावर मोठ्या माणसांसाठी वर्ग होता, पण मी सोडून मोठं माणूस आलंच नाही. तेव्हा तिथल्या शिक्षिकेने, वय असेल बावीस, मला मुलांच्या वर्गात घातलं. वर्गाचं नाव 'बेडूक'. बेडकांना हिरवी टोपी सक्तीची. इथून पास झालं की 'मासे' आणि निळी टोपी. माझे वर्गमित्र सात ते नऊ वर्षांचे होते. समोरचे दोन दात पडलेल्या एका वर्गभगिनीने पहिल्याच दिवशी मला धीर दिला, की घाबरू नका आजोबा, मीपण आधी रडायचे. शिक्षिका निदान काका म्हणायची. "काका, पाय सरळ. काका, पोट आत. काका, श्वास घ्यायचा असतो." तीन महिन्यांत मी तलावाची रुंदी पार करायला लागलो, आणि पाठीवर तर हवा तितका वेळ पडून राहायला लागलो.

घरी हे फक्त बायकोला माहीत होतं. ती रोज पिशवीत कोरडा टॉवेल घालून द्यायची आणि "बेडूकराव, निघा" म्हणायची. बाहेर एकालाच सांगितलं, दातवाल्याला. तेही त्याच्या खुर्चीत. त्याने दाढेचं काम काढलं होतं, माझा अर्धा जबडा बधिर होता, तोंडात कापसाचे बोळे होते, आणि वर दिवा. माणूस अशा वेळी काहीही कबूल करतो. कान धडधाकट आहे, पाण्याला घाबरत होतो, आता शिकतोय, बेडकांत आहे, हिरवी टोपी आहे, यंदा मला ट्यूबवर बसायचंय. एवढं सगळं त्या अवस्थेत बोलून झालं. त्याला शब्दन्‌शब्द कळला. दातवाल्यांना तसलं बोलणं कळतं.

तो हसला नाही. त्याने बोळे काढले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "यंदा गाडी मी नेतो. तू पाण्यात. आणि हे त्या दोघांना आधी सांगायचं नाही. डायरेक्ट घाटावर शर्ट काढ. तोंडं बघण्यासारखी होतील."

एकच वाक्य, एकच वचन. माझ्या नियमात चोख बसणारं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी तयारीत घालवले. जुन्या तीन ट्यूबा वर्षभर माझ्याच माळ्यावर असतात, कारण कोरड्या माणसाकडे सामान कोरडं राहतं, असं वकिलाचं मत आहे. दातवाला गाडी नेणार म्हणजे त्याची ट्यूब मोकळी होती. तिच्यावर मी सहज बसू शकलो असतो. पण पहिल्या खेपेला माणसाला स्वतःची वस्तू हवी असते. ट्रकच्या गॅरेजात जाऊन मी चौथी ट्यूब आणली. गॅरेजवाल्याने विचारलं, कुठल्या ट्रकला. मी म्हणालो, मला. त्याने ती माझ्या कमरेकडे बघून निवडली.

ट्यूब जुनी होती. एका रविवारी सकाळी मी न्हाणीघर अडवून बसलो. ट्यूबेत हवा भरायची, टबात थोडी थोडी बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. जिथून येतील तिथे खडूची खूण. मग हवा सोडून घासकागदाने घासायचं, सोल्युशन लावायचं, ते चिकटसर सुकेपर्यंत फुंकायचं आणि ठिगळ दाबून धरायचं. नऊ ठिगळं लागली. लोखंडी व्हॉल्व्ह बरगड्यांना घासतो म्हणून त्याच्यावर कापड गुंडाळून चिकटपट्टी मारली. धरायला दोरीचे दोन कान केले. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "लग्नात माझ्या मंगळसूत्राकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं." मी म्हटलं, त्याला भोकं नव्हती. ती म्हणाली, अंघोळीचं पाणी गार होतंय.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, दातवाल्याच्या दवाखान्यात जमायचं हा जुना शिरस्ता. कारण तिथे कॉम्प्रेसर आहे. दात वाळवायच्या हवेवर ट्रकची ट्यूब फुगते, पण वेळ घेते. शेवटचा पेशंट गाल धरून गेला आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बैठक मांडली. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात माशांची पेटी, टीपॉयवर प्लॅस्टरचा मोठा जबडा. मुलांना दात घासायला शिकवायला तो ठेवलेला असतो. मी चारही ट्यूबा घेऊन गेलो होतो आणि चौथी सगळ्यांत आधी फुगवून घेतली. चौथीकडे वकिलाने पाहिलं आणि काही विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. वकील कधी प्रश्न सोडत नाही.

वकिलाने दरवर्षीप्रमाणे गाडीची किल्ली माझ्याकडे टाकली. मी ती झेलली आणि दातवाल्याकडे पाहिलं. आता तो म्हणणार होता, की यंदा मी नेतो. तो कॉम्प्रेसरच्या काट्याकडे बघत होता.

मग तो बोलला. आवाज पेशंटला दाढ काढायचं सांगताना असतो तसा. म्हणाला, यंदा नदीला पाणी जास्त आहे म्हणतात, तेव्हा किल्लीच्या कानाचा विचार करायला हवा, जुनं दुखणं आहे, या वयात उलटलं तर काय घ्या. शिवाय वहिनींना काळजी असते. आणि तिसरं म्हणजे तो गिअर, तो दुसऱ्या कोणाच्या हाताला येतच नाही.

तीन.

मी मोजायचं ठरवलं नव्हतं. तेवीस वर्षांची सवय आहे, आपोआप मोजलं जातं.

वकील गंभीरपणे म्हणाला, की कानाशी खेळ नको. हेडमास्तर म्हणाला, त्यांच्या शाळेत एका शिक्षकाचा कान असाच गेला. दोघं माझ्या कानाकडे इतक्या हळहळीने बघत होते, की मला क्षणभर तो दुखल्यासारखा वाटला. मी काय म्हणणार होतो? कान चांगला आहे म्हणावं, तर सव्वीस वर्षांचं खोटं त्या दोघांसमोर माशांच्या पेटीशेजारी उघडं करावं लागलं असतं. दातवाल्याला हे ठाऊक होतं. त्याने माझंच खोटं घेऊन माझ्याच तोंडावर बसवलं होतं, आणि मापात बसवलं होतं. शेवटी कारागीर माणूस. मी मनात त्याची बाजूही घेऊन पाहिली. खरंच पाणी जास्त असेल. खरंच त्याला माझी भीती वाटली असेल. एकटा गाठून सांगायला धीर झाला नसेल. मित्राचा दावा मी सहसा मंजुरीच्याच बाजूने वाचतो.

तेवढ्यात हेडमास्तरने फायलीतून सूचनापत्रकं काढून वाटली. कोणी काय आणायचं, कोण कुठे बसायचं, निघायची वेळ. दरवर्षीसारखंच. मी माझी प्रत वाचायला घेतली. कागद हातात आला की मी तारीख आधी बघतो. तीन आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे दाढ भरली त्याच्या चौथ्या दिवसाची. मी न्हाणीघरात ठिगळं लावत होतो, त्याच्याही आधीची. खाली रकाने होते. 'ट्यूब क्रमांक एक: वकील. दोन: दातवाला. तीन: मी (हेडमास्तर).' आणि त्याच्या खाली, हेडमास्तरच्या वळणदार अक्षरात, 'गाडी: बेडूक.'

सगळ्यांत शेवटी एक टीप होती. 'बेडकासमोर कानाचा विषय गांभीर्याने घ्यावा. हसू नये.' खाली सही.

कॉम्प्रेसर चालू होता. त्या आवाजात मी ती ओळ तीनदा वाचली. बेडूक हा शब्द या जगात, मुलं आणि त्यांची शिक्षिका सोडली, तर माझ्या बायकोला आणि दातवाल्याला माहीत होता. माझी बायको हेडमास्तरशी दहा वर्षांत बोललेली नाही. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. कान, टोपी, बावीस वर्षांची शिक्षिका, श्वास घ्यायचा असतो, सगळं. तीन आठवडे ते हसत होते. आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, ते हसत नव्हते ते सूचनेप्रमाणे.

हेडमास्तरने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग फायलीकडे, मग परत कागदाकडे. त्याचा चेहरा उतरला. माझ्यासाठी वेगळी प्रत होती, ती फायलीतच राहिली होती. इतकी वर्षं सूचनापत्रकं काढून त्याने पहिल्यांदाच चुकीच्या विद्यार्थ्याला चुकीचा पेपर दिला होता.

"कान कोणालाच खरा वाटत नव्हता रे कधी," वकील शेवटी म्हणाला. त्याला वाटलं, यानं मला बरं वाटेल. "गंमत होती. तू मनावर घेऊ नकोस."

मी दातवाल्याला विचारलं, "तू म्हणाला होतास गाडी तू नेशील."

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. पेटीतला एक मासा काचेपर्यंत येऊन परत गेला. "अरे, म्हणालो होतो," तो म्हणाला. "पण वर्षातून एकदाच जातो आपण नदीत. तीन तास त्या पुलावर बसून करायचं काय?"

खोलीतलं ते पहिलं एकच कारण होतं. खरं होतं. मी ते सव्वीस वर्षं केलं होतं.

मी भांडलो नाही. मला भांडता येत नाही, मी फक्त नाकारतो. किल्ली उचलली आणि प्लॅस्टरच्या जबड्यात, खालच्या दाढांवर ठेवून तो मिटला. दातवाला म्हणाला, ते मॉडेल महागाचं आहे.

चौथी ट्यूब घेऊन मी दाराकडे निघालो. बाणेदारपणे निघून जाण्याचा प्रसंग माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. माझ्या वाट्याला आला तेव्हा हातात पूर्ण फुगलेली ट्रकची ट्यूब होती, आणि दवाखान्याचं दार पेशंटच्या मापाचं होतं. आडवी जाईना, उभी जाईना. मी ढकलली तर चौकटीने तिला परत माझ्या पोटावर टाकलं. हेडमास्तर उठायला लागला, वकिलाने त्याला बसवलं. शेवटी मी व्हॉल्व्हची चिकटपट्टी सोडली, कापड काढलं आणि हवा सोडली. नऊ ठिगळं चांगली बसली होती, कुठूनही चोरवाट नव्हती. त्यामुळे सगळी हवा त्या एका तोंडातून, आपल्या गतीने बाहेर येत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. चौघं बघत होतो आणि ट्यूब सुस्कारे टाकत होती. कोणी हसलं नाही. या वेळी सूचना नसतानाही.

घरी येईपर्यंत मोबाइलवर हेडमास्तरचा निरोप होता. 'झालं ते झालं. उद्या ये. गाडी कोण नेणार?' मी तो ऑफिसातल्या सवयीने तपासला. कारण एकच होतं. म्हणजे तळमळ खरी होती, गाडीची.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. खांद्यावरची लोंबती ट्यूब बघून तिचा हात थांबला. विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचंय?"

मी म्हणालो, की उद्याचं रद्द. नदीला पाणी फार आहे म्हणतात. शिवाय वकिलाच्या गाडीचा गिअर पूर्णच गेला. आणि खरं सांगायचं तर, संध्याकाळपासून माझा कान जरा दुखतोय.

तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. कडेला कड लावली, तळहाताने सपाट केली. माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

"कोणता?" ती म्हणाली.

मला सव्वीस वर्षं उत्तर पाठ होतं. ते आठवेना.

तिने टॉवेल रोजच्या पिशवीत घातला, वर हिरवी टोपी ठेवली आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. रविवारी तलाव सातला उघडतो, एवढंच म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरची ट्यूब उतरवून घेतली.